‘चर्चा आहे’ असं मीच टाइप केलं

मी ज्या खात्यात नोकरी केली त्याचं नाव इथं लिहीत नाही. परवानगी नाही. धाराशिवात एका औषधाच्या दुकानाच्या वर आमच्या तीन खोल्या होत्या आणि दाराला पाटी नव्हती. विम्याचं ऑफिस समजून लोक जिना चढून यायचे आणि आम्ही त्यांना गोड बोलून खाली पाठवायचो. कोणत्या गावात कशावरून धुसफूस आहे, मोर्चा कधी निघणार, कुणाच्या घरात कोण नवखं येऊन राहिलंय, असली माहिती गोळा करायची आणि कागदावर उतरवून वर पाठवायची, हे आमचं काम. वर म्हणजे विभागीय कार्यालयात, तिथून मुख्यालयात. तिथून पुढं तिचं काय व्हायचं हे मला सगळ्या नोकरीत कुणी सांगितलं नाही.

आम्ही पाच जण होतो. साहेब, बाहेर फिरून माहिती काढणारे तिघं आणि मी सहायक. अहवाल टाइप करणं आणि आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंद ठेवणं माझ्याकडं होतं. शिवाय कन्नडमधलं काही आलं की ते मराठीत करून द्यायचं. माझं माहेर अणदूर. वडिलांचं तिथं बी-बियाणांचं दुकान होतं. आमच्या घरात निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी चालतं, एखादं वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपतं. ऑफिसात माझ्या या कन्नडचा उपयोग वर्षातून चार-दोन वेळा व्हायचा.

अज्जा पहिल्यांदा आले तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. खंडोबा दरवर्षीप्रमाणं अणदुरातून नळदुर्गला मुक्कामाला गेलेले होते आणि रानात ज्वारी पोटरीला आली होती. सत्तरीच्या आसपासचा, ताठ चालणारा माणूस. धोतरावर वॉचमनचा खाकी सदरा. दारात उभं राहून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, “अणदूरच्या बियाणंवाल्याची मुलगी इथंच असते का?”

मी त्यांना पहिल्यापासून अज्जाच म्हटलं. आमच्याकडं कन्नड बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला असंच म्हणतात. ते मला अव्वा म्हणायचे. हद्दीला लागून असलेल्या एका लहान गावात ते लेकीकडं राहत होते आणि पलीकडच्या राज्यातल्या एका दगडाच्या खाणीवर राखणदार होते. गाव आपल्याकडं, खाण तिकडं, मध्ये चालत अर्ध्या तासाची वाट.

खाणीत दगड फोडायला सुरुंग लावतात. त्याच्या जिलेटिनच्या कांड्या आणि त्या उडवायच्या केपा एका वेगळ्या खोलीत कुलपात असतात. सुरुंगवाला येणार, वहीत सही करणार, लागतील तेवढ्या नेणार, अशी रीत. पण महिनाभरात तीन वेळा वेगळंच झालं होतं. दुपारी जेवणासाठी क्रशर बंद झाला की एक पांढरी पिकअप यायची. दोन माणसं उतरायची. खाणीचा मॅनेजर स्वतः खोली उघडून द्यायचा आणि सही न होता पेट्या गाडीत जायच्या.

“दुसऱ्या खाणीचे असतील, अज्जा,” मी म्हटलं. “उसने नेत असतील.”

“ते सुरुंगाचे लोक नव्हेत.”

“कशावरून?”

“अव्वा, केपा उडतील म्हणून सुरुंगवाला पेटीजवळ फोन काढत नाही. गेटवरच ठेवून येतो. यातला एक पेटी काखेत मारून फोनवर हसत होता.”

हे ऐकलं आणि मी वही उघडली. पुढचे दोन तास ते बोलत होते आणि मी लिहीत होते. माणसं कशी होती, काय घातलं होतं, आपसांत कोणती भाषा बोलत होती, सगळं. त्यांनी मॅनेजरला विचारलं होतं. तो म्हणाला, तू गेट बघ. मग ते तिकडच्या पोलिसांकडं गेले. तिथं सांगितलं, तू राहतोस महाराष्ट्रात, तिकडं जा. इकडं आले तर इकडचे म्हणाले, खाण आमच्या हद्दीत नाही. शेवटी बियाणं घ्यायला अणदूरला गेलेल्या लेकीनं माझ्या वडिलांपुढं ही गोष्ट काढली आणि वडिलांनी माझं नाव सांगितलं. दोन एसट्या बदलून म्हातारा माझ्यापर्यंत आला होता.

अज्जांचं बोलणं मी मराठीत तीन पानांत उतरवलं आणि साहेबांपुढं ठेवलं. साहेब वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. कामाचा उरक होता, कुणाला तोडून बोलत नसत. त्यांनी तिन्ही पानं नीट वाचली आणि चष्मा काढला.

“मॅडम, हे असं नाही पाठवता येणार. एक वाक्य करा. लिहा, सीमावर्ती भागातील एका खाणीत स्फोटकांच्या साठ्यात तफावत असल्याची चर्चा आहे.”

“साहेब, चर्चा नाही. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय.”

“बघितलं असेल हो. उद्या वरून विचारलं की पुरावा काय, तर तुमचा म्हातारा काय दाखवणार? वहीत सही नाही, हाच पुरावा? मालकाचा मुनीम म्हणेल हिशोब बरोबर आहे. मग तुम्ही आणि मी काय सांगायचं?”

त्यांना हे बोलायला कारण होतं. आधीच्या जिल्ह्यात असताना त्यांनी एकदा कडक शब्दांत अहवाल पाठवला होता. एका घरात हत्यारं लपवलीत म्हणून. धाड पडली, घर उचकटलं, आणि शेवटी ते भावकीचं भांडण निघालं. साहेबांना लेखी खुलासा द्यावा लागला आणि बढती दोन वर्षं लांबली. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक अहवालात ‘चर्चा आहे’, ‘बोलले जाते’, ‘नाकारता येत नाही’ हे शब्द असायचे. त्या शब्दांमुळं कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

मी ते वाक्य टाइप केलं. मला पटलं नव्हतं, तरी केलं. पंधरवड्याच्या अहवालात ते अकराव्या क्रमांकावर गेलं. दहाव्यावर उसाच्या दरासाठी होणारा रास्ता रोको होता आणि बाराव्यावर एका शाळेच्या भिंतीवर कुणीतरी लिहिलेला मजकूर. तीन पानं मी फाइलला लावून ठेवली.

महिनाभरानं वरून उत्तर आलं. संबंधित खाणीचा परवाना या जिल्ह्यातला नसल्यामुळं पुढील कार्यवाही आवश्यक नाही.

अज्जा तोपर्यंत पुन्हा येऊन गेले होते. या खेपेला त्यांनी सदऱ्याच्या खिशातून सिमेंटच्या पिशवीचा घडी केलेला कागद काढला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाडी परत आली तेव्हा ते नंबर प्लेटसमोर उभे राहिले आणि अक्षरांचे, आकड्यांचे आकार डोळ्यांत साठवून घेतले. गाडी गेल्यावर चौकीच्या भिंतीवर कोळशानं ते काढले आणि मग या कागदावर उतरवले. एक आकडा उलटा काढला होता. मधलं एक अक्षर मला लागेना. पण शेवटचे चार आकडे स्वच्छ वाचता येत होते.

“बरोबर आहेत का?” त्यांनी विचारलं.

“बरोबर आहेत, अज्जा.”

त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. आता साहेबांना पुरावा दाखवता येईल, असं मी मनात म्हटलं. साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि या वेळी तेही जरा सरळ बसले. म्हणाले, “हे स्वतंत्र पाठवू. पत्र तयार करा.”

मी त्याच दिवशी पत्र केलं आणि नंबर लिहून पाठवलं. आठवड्यानं ते परत आलं. वाहनासंबंधीची माहिती विहित नमुन्यात, इंग्रजीत, पाठवावी. नमुन्यात वाहनाचा पूर्ण क्रमांक, मेक, रंग आणि मालकाचं नाव हे रकाने भरल्याशिवाय तो स्वीकारला जाणार नव्हता. मालकाचं नाव माहीत असतं तर आम्ही त्यांना विचारलंच कशाला असतं? हे मी साहेबांना मोठ्यानं म्हटलं. ते म्हणाले, “आरटीओला लिहून नाव मागवा.” आरटीओला पूर्ण क्रमांक हवा होता.

त्यातच नळदुर्गची पौषातली खंडोबाची यात्रा आली. लाखांनी माणूस येतो. मला कन्नड येतं म्हणून आठवडाभर तिथं पाठवलं. दिवसभर पुलाजवळच्या तंबूत बसून तिकडून आलेल्या पोलिसांचं इकडच्यांना आणि इकडच्यांचं तिकडच्यांना समजावून सांगणं, हरवलेल्या बायकांची नावं पुकारणं. यात्रा संपते न संपते तोच एका मोठ्या माणसाचा जिल्ह्यात दौरा लागला. हेलिपॅडवर कोण हजर राहणार, काळे झेंडे कुणी दाखवणार आहे का, याची माहिती रोज तीन वेळा जायची. ऑफिसातले सगळे त्यातच होते. मी परत आले तेव्हा टेबलावर कागदांचा ढीग होता. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात सही करत करत मी तो एका बैठकीत संपवला.

दौरा झाला आणि चार दिवसांनी दुपारी आम्ही डबे उघडत होतो तेव्हा अज्जांचा फोन आला.

“अव्वा, गाडी आलीय. आत्ता. खोली उघडलीय. या वेळी कांड्यापण घेतायत.”

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी लगेच आपल्याकडच्या ठाण्यात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, साहेब, जागा आमच्या हद्दीत नाही, शेजारच्यांना कळवा. शेजारच्या ठाण्याचा नंबर यादीतून शोधला. बऱ्याच वेळानं कुणीतरी उचलला आणि कन्नडमध्ये बोलू लागला. साहेबांनी फोन माझ्या हातात दिला.

मी सांगितलं, अमुक खाणीवर पांढरी पिकअप आहे, स्फोटकं भरतायत, रस्त्यावर अडवा.

“तुम्ही कोण?”

“सरकारी ऑफिसातून बोलतेय. धाराशिवातून.”

“कोणतं ऑफिस?”

मी साहेबांकडं बघितलं. त्यांनी हातानं नको म्हणून खुणावलं. खात्याचं नाव साध्या फोनवर घ्यायचं नाही, असा नियम आहे. मी म्हटलं, “नाव फोनवर नाही सांगता येणार. पण गाडी आत्ता तिथं उभी आहे हो.”

“बाई, नाव सांगत नाही आणि गाडी अडवा म्हणता. लेखी पाठवा.” त्यानं फोन ठेवला.

आम्ही पुन्हा लावला तर एंगेज. तिसऱ्यांदा लावत होतो तोवर अज्जांचा परत फोन आला. “गेली अव्वा. हायवेला लागली.” मग म्हणाले, “कुणी आलंच नाही.”

साहेब माझ्यासमोर टेबलावर तळवा आपटून उठले. त्यांना असं करताना मी एकदाच बघितलं. मग त्यांनी लेखी पत्र सांगितलं, मी टाइप केलं, आणि ते पोस्टानं गेलं.

पुढं दीड महिना काही झालं नाही. अज्जांचा फोन नाही, गाडी नाही. मी हळूहळू मनाची समजूत घातली. असेल खाणवाल्यांचा काही दोन नंबरचा धंदा, विहिरी खोदणाऱ्यांना विकत असतील. असं पुष्कळ चालतं.

महाशिवरात्रीनंतरच्या एका दुपारी मी सासूबाईंच्या गोळ्या घ्यायला खालच्या दुकानात उतरले होते. दुकानदारानं टीव्हीचा आवाज वाढवला. एका मोठ्या शहरात, भर बाजारात, स्फोट झाला होता. कॅमेरा सारखा हलत होता. भाजीच्या टोपल्या, एक उलटी पडलेली हातगाडी, एकच चप्पल. एक बाई कुणाचं तरी नाव घेऊन ओरडत होती. माझ्या मनात पहिल्यांदा खाण आली. मी म्हटलं, छे, कुठलं कुठं. गोळ्या न घेताच वर गेले.

साहेब खिडकीशी उभे राहून फोनवर तेच बघत होते. माझी चाहूल लागली तसे वळून न बघता म्हणाले, “मॅडम, ती फाइल काढा.”

फाइल काढली. तीन पानं होती, सिमेंटचा कागद होता, परत आलेलं पत्र होतं. पुढचे कागद शोधायला म्हणून मी ‘माहितीस्तव’ लिहिलेला गठ्ठा घेतला. ज्यावर काही करायचं नसतं असे कागद त्यात जातात. तिथं मला अर्ध्या पानाचा एक इंग्रजी संदेश सापडला. पलीकडच्या राज्यातल्या आमच्यासारख्याच एका कार्यालयाचा. त्यात पाच-सहा गाड्यांचे नंबर होते. खोट्या नंबर प्लेट लावून फिरणाऱ्या या गाड्या दिसल्यास थांबवाव्यात आणि तातडीनं कळवावं. तिसरा नंबर पांढऱ्या पिकअपचा होता. शेवटचे चार आकडे अज्जांच्या कागदावरचेच. खाली एका अधिकाऱ्याचा थेट मोबाइल नंबर दिला होता.

संदेश यात्रेच्या आठवड्यात आला होता. कोपऱ्यात सही माझी होती.

मी खुर्चीत बसले. अज्जांचा फोन आला त्या दुपारी हा कागद माझ्यापासून चार हातांवरच्या कपाटात होता. तो वाचला असता तर मला खात्याचं नाव सांगायची गरज नव्हती, कुणाच्या पाया पडायची गरज नव्हती. एक नंबर फिरवायचा होता. साहेबांनी संदेश वाचला, माझ्या सहीकडं बघितलं, आणि तो फाइलला लावला. मला त्या वेळी ते खूप बोलले असते तर बरं वाटलं असतं.

साहेबांनी लगेच वर कळवलं आणि दोन दिवसांनी दिल्लीहून तपास करणारे तिघं अधिकारी आले. आम्ही सगळी फाइल त्यांच्यापुढं ठेवली. त्यांच्यातल्या वयानं मोठ्या अधिकाऱ्यानं सिमेंटचा कागद हातात घेतला, शेजारच्याला दाखवला, आणि दोघंही बराच वेळ गप्प बसले. मग त्यानं तो प्लास्टिकच्या पाकिटात घातला. मी विचारलं, “सर, याच केपा वापरल्या का तिथं?” तो म्हणाला, “ते तुम्हाला कळायची आवश्यकता नाही.” आजपर्यंत मला ते कुणी सांगितलेलं नाही. खाणीचा मॅनेजर स्फोटाच्या रात्रीपासून बेपत्ता झाला, एवढं पेपरात आलं. बाकी मला जे काही कळलं ते त्या दोघांच्या गप्प बसण्यावरून.

दुसऱ्या दिवशी अज्जांना गाडीत घालून आणलं. पहिला दिवस दुभाषी म्हणून मी होते. त्यांना वाटलं आपल्याला शाबासकी द्यायला बोलावलंय. धुतलेला सदरा घालून आले होते. प्रश्न सुरू झाले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. मॅनेजरशी संबंध काय, गाडीतल्या लोकांनी काय दिलं, गेट कुणी उघडलं.

“अव्वा, ह्यांना सांग की मी आधीच सांगितलं होतं.”

मी सांगितलं.

अधिकारी म्हणाला, “त्यांना विचारा, एवढं माहीत होतं तर पेट्या बाहेर जाऊ का दिल्या?”

हे कन्नडमध्ये कसं विचारायचं मला कळेना. मी हिंदीतच त्याला म्हटलं, “सर, ते राखणदार आहेत. त्यांच्याजवळ काठी होती. आणि ते दोनदा इथं आले, एकदा फोन केला. सगळं फाइलमध्ये आहे.” तो म्हणाला, मॅडम, तुम्ही फक्त भाषांतर करा. मी केलं. अज्जा माझ्याकडं बघत राहिले.

त्यानंतर त्यांना दुसरीकडं नेलं. अकरा दिवसांनी सोडलं. तिथं दुभाषी कोण होता, त्यानं काय भाषांतर केलं, मला माहीत नाही.

मग चौकशी लागली. कुणाकडं काय माहिती होती आणि ती का पोचली नाही, हे ठरवायला तीन सदस्यांची समिती बसली. विभागीय कार्यालयात आम्हाला बोलावलं. समितीच्या टेबलावर आमचा पंधरवड्याचा अहवाल उघडा होता आणि अकराव्या क्रमांकाखाली लाल रेघ मारलेली होती.

“‘चर्चा आहे’ म्हणजे काय?” अध्यक्षांनी विचारलं. “प्रत्यक्ष पाहणारा माणूस तुमच्यासमोर बसलेला असताना चर्चा?”

साहेब म्हणाले, “माहिती ज्या स्वरूपात सहायकांकडून आली, त्या स्वरूपात ती पुढं पाठवली गेली.”

ते माझ्याकडं बघत नव्हते. मी म्हटलं, “सर, माझी तीन पानं फाइलला आहेत.” अध्यक्षांनी पानं चाळली. पण साहेबांनी त्यावर कधीच सही केली नव्हती. म्हणून ती अधिकृत नव्हती. मग मी माझी मूळ वही पुढं केली, अज्जांचे शब्द जसेच्या तसे. ती कन्नडमध्ये होती. समितीतल्या एकानं ती परत सरकवली. “प्रमाणित भाषांतरासह सादर करा.” प्रमाणित भाषांतर करणारी जिल्ह्यात मीच होते. मला वाटलं आता मी इथंच हसायला लागेन किंवा रडायला.

बाहेर व्हरांड्यात चहाच्या टेबलाशी एक गृहस्थ उभे होते. माझं कन्नड आडनाव पुकारलेलं ऐकून ते कन्नडमध्ये बोलले. तो संदेश पाठवणारे अधिकारी तेच. त्यांनाही साक्षीला बोलावलं होतं.

“मी नऊ कार्यालयांना तो पाठवला होता,” ते म्हणाले. “एकाचाही फोन आला नाही.”

“आमच्याकडं तुमचा नंबर होता,” मी म्हटलं. “आणि गाडीचापण. एकाच कपाटात.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “मला आत विचारलं, तुम्ही पाठपुरावा का केला नाही? मी सांगितलं, मला वाटलं कुणाकडंच काही नसेल.” खाण त्यांच्या ऑफिसपासून गाडीनं दीड तासावर, आमच्यापासूनही तेवढ्यावरच. आम्ही एकमेकांना पहिल्यांदा भेटत होतो ते माणसं मेल्यावर.

चौकशीचा निकाल लागायला वर्ष गेलं. माहितीच्या देवाणघेवाणीत त्रुटी आढळल्या, असं त्यात होतं. कुणाच्या, ते नव्हतं. साहेबांची बदली झाली आणि पुढं बढतीही मिळाली. जाताना त्यांनी माझ्या टेबलापाशी येऊन, “मॅडम, मी तिथं तसं बोलायला नको होतं,” असं म्हटलं. मी ‘बरं’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मला सक्त ताकीद मिळाली, प्राप्त संदेश न वाचता स्वाक्षरी केल्याबद्दल. ती रास्तच होती, मी ती वाद न घालता घेतली. पण बाकीच्याबद्दल मी नऊ पानांचं निवेदन लिहून पाठवलं. नमुना का अडला, फोनवर खात्याचं नाव का घेता येत नाही, हद्दीवरच्या गावातल्या माणसानं कुठं जायचं, सगळं. त्यावर एका ओळीचं उत्तर आलं, निवेदन नस्तीबद्ध करण्यात आलं आहे. म्हणजे फाइलला लावून ठेवलं.

सुधारणा म्हणून कॉम्प्युटरवर नवा नमुना आला. माहिती आता त्यातच भरायची. शेवटच्या रकान्यात ‘खात्रीशीर’ आणि ‘अपुष्ट’ असे दोन पर्याय. ‘खात्रीशीर’ निवडलं की कागदपत्रं जोडावी लागतात, नाहीतर तो पुढं सरकत नाही. नव्या साहेबांना मी म्हटलं, यात अजून एक पर्याय पाहिजे, माणसानं स्वतः बघितलंय असा. ते म्हणाले, सॉफ्टवेअर वरून आलंय मॅडम.

मी मुदतीच्या आधी नोकरी सोडली. अजून तीन वर्षं राहिली होती.

अज्जा सुटून घरी आल्यानंतर त्यांच्या गावाला मी तीनदा गेले. पहिल्यांदा त्यांची लेक दारातूनच कडाडली. “आता काय ऱ्हायलंय न्ह्यायचं? लई झालं तुमचं. अकरा दिस म्हाताऱ्याला बसवून ठिवलं, गुडघं धरलं त्येंचं. गावात लोकं काय काय बोलत्यात ठावं हाय का?” मी तशीच परत आले. दुसऱ्यांदा अज्जा घरात होते, पण बाहेर आले नाहीत.

तिसऱ्यांदा ते कडुलिंबाखाली बसलेले होते. खाण बंद पडली होती. काठी टेकत चालत होते आणि लेकीच्या चार शेळ्या राखत होते. मी शेजारी बसले. बराच वेळ आम्ही शेळ्यांबद्दल बोललो. मग मी म्हटलं, “अज्जा, तुमचं सगळं खरं होतं. मी वर नीट पोचवलं नाही. माझंही चुकलं.”

ते म्हणाले, “तू दोन तास लिहून घेतलंस. बाकीच्यांनी बसपण म्हटलं नव्हतं.” थोड्या वेळानं विचारलं, “तिथं बाजारात लेकरं होती का?”

“होती.”

त्यांनी मान हलवली आणि लांब गेलेल्या शेळीला हाक मारली.

लेकीनं चहा आणला. राग गेला नव्हता, पण कप माझ्या हातात दिला. मग उभ्यानंच म्हणाली, “ताई, एक इचारू? उद्या पुन्हा असलं काय दिसलं, तर आमी सांगावं का न्हाय?”

“सांगा,” मी म्हटलं.

“कुणाला?”

मला पलीकडचं ठाणं आठवलं, इकडचं ठाणं, आमचा जिना. मी म्हटलं, “मला फोन करा. मी बघते.”

“तुमी तर नोकरी सोडली म्हनं.”

“व्हय,” मी म्हटलं, “सोडली.”

ती रिकामे कप उचलून आत गेली. अज्जा मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला उठले. नको म्हटलं तरी आले, शेळ्या मागं घेऊन, गुडघा दुखत असल्यामुळं हळूहळू. बस यायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ ते उन्हात माझ्याबरोबर उभे राहिले.